नाव नसलेलं जुनं मँडोलिन: शोधायचं कसं, ओळखायचं कसं

हेडस्टॉकवर (मानेच्या खुंट्यांकडच्या टोकावर) नाव नाही, साउंडहोलमधून (पुढच्या बाजूच्या छिद्रातून) डोकावलं तर लेबल नाही, आणि विकणाऱ्याला एवढंच ठाऊक की वाद्य "खूप जुनं" आहे. अशी मँडोलिनं जगभर पडून आहेत, आणि त्यांतली बरीचशी मुळातच निनावी बनली. १८८० च्या जानेवारीत 'स्पॅनिश स्टुडंट्स' नावाचं वादकांचं पथक न्यूयॉर्कला आलं. त्यांच्या हातात बांदुरिया हे वेगळंच वाद्य होतं, पण तिथल्या इटालियन वादकांनी तोच थाट मँडोलिनवर उचलला आणि पुढची दोन-तीन दशकं या वाद्याची लाटच आली. गावोगावी मँडोलिन क्लब निघाले. अमेरिकेतलं शिकागो आणि जर्सी सिटी, इटलीतलं नेपल्स आणि कातानिया, जर्मनीतलं मार्कन्यूकिर्शेन इथल्या कारखान्यांमधून घाऊक माल निघायचा. त्यावर नाव टाकायचं की नाही, हे दुकानदार किंवा टपालाने माल पाठवणारी कंपनी ठरवायची.

म्हणून "हे कोणी बनवलं?" हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारावा. त्याआधी तीन गोष्टी ठरवता येतात: कोणत्या पद्धतीचं, साधारण कोणत्या काळातलं, आणि किती वरच्या दर्जाचं. या तिन्हींची उत्तरं मिळाली की बनवणाऱ्यांची यादी आपोआप छोटी होते.

आणखी एक गोष्ट आधीच मनात पक्की करा, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. खुंट्यांची यंत्रं, टेलपीस (तारांची खालची टोकं अडकवायची पट्टी), शिंपल्याचं नक्षीकाम, तबलीवरचं (पुढच्या फळीवरचं) फुलपाखरू हे सगळं कारखाने बाहेरून तयार घ्यायचे. एकच फुलपाखरू चार वेगवेगळ्या कारखान्यांच्या वाद्यांवर दिसू शकतं. आतल्या आडव्या पट्ट्या, मानेखालचा ठोकळा, कडेचं अस्तर (तबली आणि बाजू यांच्या सांध्याला आतून लावलेली पट्टी), हेडस्टॉकची बाह्यरेषा ही मात्र त्या त्या कारखान्याच्या साच्यातून आणि सवयीतून आलेली असते. डोळे जातात नक्षीकडे, पण ओळख पटते ती सांगाड्यावरून.

शोधताना

ऑनलाइन शोधत असाल तर फक्त "मँडोलिन" टाकून भागत नाही. ज्यांना वाद्य वारशात मिळालेलं असतं ते त्याला ल्यूट, छोटी गिटार, युकुलेले, "आठ तारांचं वाद्य" असं काहीही म्हणतात. स्पेलिंगही चुकतं. ही सगळी नावं टाकून शोधा. जुन्या घरांतल्या सामानाचे लिलाव आणि बंद पडलेल्या वाद्यवृंदांचं साहित्य या दोन्ही जागा चांगल्या, कारण तिथलं वाद्य दुरुस्त्यांच्या फेऱ्यांमधून कमी गेलेलं असतं.

विकणाऱ्याकडून पुढचे फोटो मागा: समोरून आणि मागून सरळ, बाजूने पूर्ण लांबी, हेडस्टॉकची मागची बाजू, टेलपीसकडचं टोक, आणि साउंडहोलमधून आत. यातला बाजूचा फोटो सर्वांत मोलाचा. त्यावर मानेच्या रेषेत एक पट्टी धरा. रेषा घोडीच्या (तबलीवर तारांना उचलून धरणाऱ्या तुकड्याच्या) माथ्याजवळ पोचली तर ठीक. ती तबलीतच घुसत असेल तर मान पुढे झुकलेली आहे किंवा तबली बसलेली आहे. मान काढून नव्या कोनात बसवण्याचा खर्च साध्या निनावी वाद्याच्या किमतीपेक्षा सहज जास्त होतो, म्हणून असं वाद्य फक्त अभ्यासासाठी घ्यावं. तबलीच्या लाकडाच्या रेषांच्या दिशेने गेलेल्या सरळ भेगा त्यामानाने सोप्या असतात. भोपळ्याच्या, म्हणजे गोल फुगीर पाठीच्या, पट्ट्यांमधल्या सुटलेल्या सांध्यांचंही तसंच.

हातात आल्यावर लगेच

तारा ताणलेल्या असतील तर प्रत्येक खुंटी थोडी थोडी सैल करत सगळ्या बरोबरीने उतरवा. पुसू नका, पॉलिश लावू नका, तेल घालू नका. आत काही खडखडत असेल तर वाद्य स्वच्छ कापडावर उलटं धरून हलवा आणि जे पडेल ते जपून ठेवा. कागदाचा कपटा लेबलाचा तुकडा असू शकतो, लाकडाची चिपट सुटलेल्या पट्टीची.

मग हे मँडोलिनच आहे ना, हे बघा. आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, सूर जी-डी-ए-ई म्हणजे व्हायोलिनचेच, हे नेहमीचं रूप. सहा सुट्या तारा असतील तर मिलानी मँडोलिन असू शकतं. बारा तारा तीन-तीनच्या चार गटांत असतील तर मँड्रिओला, आणि दोन-दोनच्या सहा जोड्या असतील तर बांदुरिया किंवा पोर्तुगीज गिटार यांचा विचार करा. नऊ तारांचं जर्मन वाल्डझिथर तर सर्रास मँडोलिन म्हणून विकलं जातं. मोजायच्या त्या खुंट्या. तारा कुणीही कमी केलेल्या असू शकतात.

यानंतर लांबी. नटपासून (हेडस्टॉकजवळ तारा ज्यावरून जातात त्या पट्टीपासून) बाराव्या पडद्यापर्यंत मिलिमीटरमध्ये मोजा आणि दुप्पट करा, म्हणजे वाजत्या तारेची लांबी मिळते. घोडी सुटी असते आणि सरकते, त्यामुळे घोडीपर्यंत मोजून उपयोग नाही. उत्तर ३३० च्या आसपास आलं तर नेपोलिटन परंपरा. ३५० च्या आसपास आलं तर बहुधा विसाव्या शतकातली अमेरिकन मोजमापं किंवा त्यांची नक्कल. ४०० च्या पुढे गेलं तर तुमच्या हातात बहुधा मँडोला, म्हणजे मँडोलिनचं मोठं भावंड, आहे.

घराणं ओळखणं

पाठ भोपळ्यासारखी, पट्ट्या जोडून केलेली, आणि तबलीला घोडीच्या मागे आडवी घडी पडल्यासारखा बाक: हा नेपल्सचा साचा. आज आपण पाहतो ते त्याचं रूप, म्हणजे पोलादी तारा, यंत्राच्या खुंट्या आणि लांबवलेला फिंगरबोर्ड, एकोणिसाव्या शतकात नेपल्सचे कारागीर पास्क्वाले व्हिनाचिया यांच्या कामातून घडलं. पुढे तो साचा सगळ्यांनीच उचलला. शिकागोच्या लायन अँड हीलीने अशी वाद्यं प्रचंड संख्येने बनवली, जर्मनांनी बनवली, जपान्यांनीही. त्यामुळे भोपळा दिसला म्हणून वाद्य इटालियन ठरत नाही.

भोपळ्याच्या पट्ट्या मोजा. स्वस्त वाद्यांत नऊ-दहापासून सुरुवात होते, महागड्यांत चाळीसच्या पुढे जाते. पट्टी सपाट आहे की प्रत्येकीला पन्हळीसारखा खोलगट आकार दिला आहे, यावर बोट फिरवा. पन्हळीचं काम वेळखाऊ असतं, ते स्वस्त मालावर कुणी करत नसे. उलट, पट्ट्या मोजक्या आणि पुढून मात्र शिंपल्याची रेलचेल असेल तर ते वाद्य दिसण्यासाठी सजवलेलं आहे. कातानियाहून असा भरपूर माल बाहेर जायचा.

मान अरुंद, मागून जवळजवळ 'व्ही'सारखी टोकदार, फिंगरबोर्डला हलकीशी गोलाई आणि पहिल्या तारेखाली तो साउंडहोलवर लांब गेलेला: हा रोमचा घाट. लुईजी एम्बर्गर हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. म्हणून अशी लक्षणं दिसली तर घाई न करता जाणकाराला दाखवाच.

पाठ सपाट किंवा किंचित फुगीर, बाजू वाकवलेल्या, आकार नाशपातीसारखा: ही कल्पना अमेरिकेत आणि जर्मनीत दोन्हीकडे रुजली. ऑर्व्हिल गिब्सन यांना कोरीव तबलीच्या मँडोलिनचं पेटंट १८९८ मध्ये मिळालं. त्यांच्या नावाची गिब्सन कंपनी १९०२ मध्ये अमेरिकेतल्या कलामाझूला उभी राहिली. तिच्या यशानंतर भोपळा मागे पडत गेला. बॉस्टनच्या वेगा कंपनीच्या काही वाद्यांच्या पाठीला लांबीच्या दिशेने मधोमध एक फुगवटा असतो. हेडस्टॉकवर नाव नसलं तरी तेवढ्यावरून शोधाची दिशा मिळते.

कोरीव, दाबून वाकवलेली आणि प्लायची तबली यांतला फरक एफ-आकाराच्या छिद्राच्या किंवा साउंडहोलच्या कडेवर दिसतो. भिंग घ्या. कडेवर थर दिसले तर प्लाय. थर नाहीत आणि तबली सगळीकडे सारख्याच जाडीची लागते, तर ती उष्णता देऊन दाबलेली असण्याची शक्यता मोठी. बोटांच्या चिमटीत जाडी बदलताना जाणवली, मध्याकडे वाढत गेली, तर कोरीव काम. या एका गोष्टीने वाद्याचा दर्जा, काळ आणि संभाव्य कारखाने तिन्ही एकदम बदलतात, म्हणून इथे घाई करू नका.

आत बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. वायरला लावलेला छोटा एलईडी दिवा, दातांच्या डॉक्टरांचा आरसा आणि फोनला जोडता येणारा एंडोस्कोप कॅमेरा एवढं पुरे. खोली अंधारी करा, दिवा आत सोडा आणि आधी नुसतं बाहेरून बघा. पातळ झालेली जागा, बुजवलेली भेग, मागून लावलेलं ठिगळ हे सगळं उजेडात उजळून दिसतं.

मग लेबलाची जागा. लेबल नसलं तरी त्याची खूण असते. साउंडहोलच्या बरोबर खाली लाकूड किंवा अस्तराचा कागद जुना होऊन तपकिरी झालेला असतो आणि त्यात एक फिकट चौकोन राहिलेला असतो, कडेला वाळलेल्या डिंकाची चमक. तो चौकोन मोजा. ओळखीच्या लेबलांच्या आकाराशी तो ताडून बघता येतो. शिवाय एवढं तर नक्की कळतं की वाद्यावर एकेकाळी नाव होतं. चौकोनच नसेल तर ते बहुधा निनावीच विकलं गेलं.

लेबल असेल तरी ते दुकानदाराचं आहे की बनवणाऱ्याचं, हे वाचून ठरवा. इटालियन लेबलांवर प्रदर्शनांत मिळालेली पदकं सालासकट छापायची पद्धत होती. त्यातलं सर्वांत अलीकडचं साल धरा, वाद्य त्याच्या आधीचं असू शकत नाही. कंपनीच्या स्थापनेचं साल ही वाद्याची तारीख समजून विकणारे पुष्कळ भेटतात.

आता आरसा मानेकडे वळवा. मानेखालच्या ठोकळ्यावर शाईचा शिक्का, ठोकलेला आकडा किंवा पेन्सिलचं लिखाण शोधा. गिब्सनच्या वाद्यांचं लेबल गळून गेलं तरी या ठोकळ्यावर कारखान्याचा ऑर्डर क्रमांक राहतो. शिकागोच्या हार्मनी कंपनीच्या वाद्यांत आतून एच अक्षराने सुरू होणारा मॉडेल क्रमांक आणि एफ किंवा एस अक्षरापुढे सालाचे दोन आकडे असा शिक्का मिळतो. तो बरेचदा इतका पुसट असतो की सरळ उजेडात दिसतच नाही. दिवा अगदी आडवा धरला, कोन बदलत राहिलं, की एखाद्या कोनात अक्षरं उठून येतात. फोटो काढून कॉन्ट्रास्ट वाढवला तर आणखी स्पष्ट होतात. पेन्सिलने लिहिलेला दोन-तीन आकडी अंक मात्र अनेकदा फक्त जुळणीचा असतो, म्हणजे ही मान त्या अंगाची. त्याला अनुक्रमांक समजू नका.

तबलीच्या खालच्या पट्ट्यांचं चित्र कागदावर काढा: किती आहेत, आडव्या की तिरक्या, टोकं कशी निमुळती केली आहेत. साउंडहोलच्या खाली एकच आडवी पट्टी, जुन्या गिब्सन ए-मॉडेलसारखी? शिडीसारख्या दोन-तीन? की एफ-छिद्रांच्या वाद्यात लांबीच्या दिशेने दोन? कडेचं अस्तर सलग आहे की करवतीने खाचा पाडून वाकवलेलं? भोपळ्याच्या आत कागद आहे, कापड आहे की उघडं लाकूड? नाव माहीत असलेल्या वाद्यांच्या आतल्या फोटोंशी हे चित्र पडताळायचं. दोन वाद्यांच्या पट्ट्या, अस्तर आणि हेडस्टॉकची रेषा तिन्ही जुळली तर ती एकाच कारखान्यातली म्हणायला हरकत नाही. एकच जुळली तर तो केवळ योगायोग असू शकतो.

भेगांवर चिकटवलेला वर्तमानपत्राचा कागद सापडला तर नीट वाचा. त्यावरची तारीख बहुतेक वेळा दुरुस्तीची असते, पण भाषा आणि गावाचं नाव यांवरून वाद्य कुठे कुठे राहिलं ते कळतं.

काळ ठरवणं

नियम सोपा आहे: जो मूळ भाग सर्वांत नवा, त्याच्या आधीचं वाद्य असू शकत नाही. अडचण "मूळ" या शब्दात आहे, म्हणून प्रत्येक भागाला आधी तोच प्रश्न विचारायचा.

ट्युनरच्या, म्हणजे खुंट्यांच्या यंत्राच्या, पट्टीचे स्क्रू बघा. स्टार स्क्रू बाजारात आले ते १९३० च्या दशकाच्या मध्यानंतर. त्याआधीचे सगळे सरळ खाचेचे. जुन्या भासणाऱ्या भोपळ्यावर स्टार स्क्रू दिसला तर एक सावकाश काढून भोक तपासा. भोक रुंदावलेलं किंवा काडी घालून बुजवलेलं असेल, पट्टीखाली वेगळ्या आकाराच्या पट्टीची फिकट सावली उमटलेली असेल, तर ट्युनर नंतर बदललेले आहेत आणि स्क्रूवरून वाद्याचा काळ ठरवता येणार नाही. भोक स्वच्छ आणि सावली तंतोतंत जुळती, तर वाद्यच त्या काळानंतरचं.

देशाचं नाव हा दुसरा भक्कम पुरावा. १८९० च्या मॅककिन्ली कायद्यामुळे अमेरिकेत आयात होणाऱ्या मालावर १ मार्च १८९१ पासून मूळ देशाचं नाव लागू लागलं. म्हणून हेडस्टॉकच्या मागे किंवा आत "जर्मनी" किंवा "इटली" ठोकलेलं असेल तर वाद्य बहुधा त्यानंतरचं आणि अमेरिकेसाठी बनलेलं. "ऑक्युपाइड जपान" असेल तर ते १९४५ ते १९५२ मधलं. "वेस्ट जर्मनी" असेल तर १९४९ नंतरचं. शिक्का नाही यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. बाकीच्या देशांत विकलेल्या मालाला हा अमेरिकन कायदा लागू नव्हता, आणि कागदी चिठ्ठ्या गळूनही जातात.

मानेच्या आत समायोजनाची सळई असेल तर हेडस्टॉकवर तिचं छोटं झाकण दिसतं. गिब्सनने ती १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. त्याच कंपनीने १९३० च्या दशकात इतरांच्या नावाने बनवलेल्या स्वस्त वाद्यांत ती नसे, म्हणून सळई नाही म्हणजे वाद्य १९२० च्या आधीचं, असा उलटा अर्थ काढू नका. पडद्यांचंही बघून घ्या: जुन्या वाद्यांत सपाट पट्टीचे, नंतरच्यांत 'टी' आकाराचे.

पॉलिश आणि लाकूड

पॉलिशची चाचणी टेलपीसखाली, न दिसणाऱ्या ठिकाणी, कापसाच्या काडीच्या टोकाएवढीच करा. अल्कोहोलने चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. अल्कोहोलला दाद न देता ॲसिटोनने विरघळलं तर नायट्रोसेल्युलोज लॅकर, म्हणजे १९२० च्या दशकापासून पुढचं किंवा नंतर मारलेलं. अतिनील टॉर्च असेल तर हे काम वाद्याला हात न लावता होतं. जुनी लाख नारिंगी चमकते, आणि नंतर डागडुजी केलेले पट्टे वेगळ्या रंगाने उठून दिसतात. मी तरी रसायनांआधी टॉर्चच वापरेन.

तबली बहुतेक सगळ्यांची स्प्रूसची. पाठीला रोजवुड, मॅपल, अक्रोड, महोगनी, किंवा रोजवुडसारखं रंगवलेलं साधं लाकूड. आतल्या आणि बाहेरच्या बाजूचा रंग ताडला की रंगवलेलं कळतं. तबलीवरचं पिकगार्ड (नखीच्या ओरखड्यांपासून वाचवणारी पट्टी) खऱ्या कासवाच्या पाठीचं की सेल्युलॉइड या जुन्या प्लास्टिकचं, हे बघायला तापवलेली सुई लावायचा सल्ला कुणी दिला तर अजिबात ऐकू नका. सेल्युलॉइड झपकन पेट घेतं. बोटाने जोरात घासून वास घ्या, कापरासारखा आला तर सेल्युलॉइड. खरं कासव, हस्तिदंत किंवा ब्राझिलियन रोजवुड असेल तर दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या सायटीस या आंतरराष्ट्रीय करारामुळे वाद्य देशाबाहेर नेण्या-पाठवण्यावर निर्बंध येतात, त्यामुळे परदेशातून खरेदी करण्याआधी हे विचारून घ्या.

निष्कर्ष कसा लिहावा

सगळी मापं आणि फोटो एकत्र ठेवून एक वाक्य लिहा, आणि प्रत्येक शब्दामागे पुरावा आहे ना ते तपासा. उदाहरणार्थ: "नेपोलिटन साच्याचं, वाजती लांबी ३३० मिमी, भोपळ्याला पंधरा सपाट पट्ट्या, हेडस्टॉकमागे 'जर्मनी' ठोकलेलं, त्यामुळे बहुधा १८९१ नंतरचं, ट्युनर बदललेले, दर्जा मध्यम." यात बनवणाऱ्याचं नाव नाही, तरी जाणकाराला विचारायला ते पुरेसं आहे. नुसता समोरचा फोटो पाठवून "हे कुणाचं?" विचारलं तर तोही नुसता अंदाजच देईल. नाव जोडायचंच असेल तर "अमुक कारखान्याच्या कामाशी जुळणारं" असं लिहा. विकताना तर हा फरक पाळायलाच हवा. वरच्या दर्जाच्या वाद्यासाठी तबलीच्या वार्षिक वलयांची तपासणी करून घेता येते. ती झाड कधी तोडलं असण्याची सर्वांत आधीची शक्यता सांगते, बनवणाऱ्याचं नाव नाही.

तारा चढवण्याआधी

वाद्य ओळखलं की ते वाजवून बघावंसं वाटणारच. पण आजच्या नेहमीच्या मीडियम तारा, ज्यांत पहिली तार ०.०११ इंचाची असते, त्या कोरीव तबलीच्या मजबूत वाद्यांसाठी आहेत. भोपळ्याच्या मँडोलिनवर त्या चढवल्या तर शंभर वर्षं टिकलेली तबली काही आठवड्यांत बसू शकते. सर्वांत हलका संच घ्या, पहिली तार ०.००९ इंचाची किंवा त्याहून बारीक. आधी सुटलेल्या पट्ट्या आणि सांधे सरसाने चिकटवून घ्या. फेव्हिकॉल किंवा इपॉक्सी लावू देऊ नका, पुढच्या कारागिराला सांधा उघडता आला पाहिजे. मग बाराव्या पडद्यावर तारेची उंची मोजा, दोन सूर खाली लावून एक दिवस तसंच ठेवा आणि पुन्हा मोजा. उंची तेवढीच राहिली तर हळूहळू पूर्ण सुरात आणा. बदलली असेल तर तारा सैल करून वाद्य आधी दुरुस्तीला द्या.